लो-कार्बवर वजन उतरलं, साखर उतरली, पण एलडीएल १२६ वरून २१२

हिशेबनीस

नमस्कार. जरा लांब लिहिते आहे, कारण माहिती अर्धवट दिली की उत्तरंही अर्धवट येतात.

मी ४९ वर्षांची. उंची १६० सेंटिमीटर. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांचे हिशेब तपासते. गेल्या वर्षी एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आलं, म्हणजे मधुमेहाच्या काठावर, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, आणि मी लो-कार्ब, म्हणजे कमी कार्बोहायड्रेटचा आहार, धरला. दिवसाला ४० ते ५० ग्रॅम कर्ब्स, त्याच्या वर नाही. वजन ७८ होतं, आता ६५ आहे. एचबीए१सी ५.५. दुपारी जेवल्यावर कागदावर डोकं टेकायची ती गुंगी पूर्ण गेली. म्हणजे या आहाराबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

मग परवा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) हातात पडलं.

सुरू करण्याआधी: एकूण कोलेस्टेरॉल २०२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १२६.
आता: एकूण २८३, ट्रायग्लिसराइड ६५, एचडीएल ५८, एलडीएल २१२.

एका रिपोर्टात दोन वेगळ्या माणसांचे आकडे एकत्र छापावेत तसं दिसतंय. ट्रायग्लिसराइड एक तृतीयांशावर, एचडीएल वीसने वर, ही तर कौतुकाची गोष्ट. आणि त्याच कागदावर एलडीएल लाल अक्षरात.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी (स्टॅटिन) लिहून दिली आहे, अजून सुरू केलेली नाही. गोळीला माझा विरोध नाही. पण कशासाठी ते कळल्याशिवाय कुठेही सही करायची मला सवय नाही, आणि त्यांच्याकडे बाहेर रांग होती.

मला कळत नाही ते असं. मी आधीपेक्षा कमी खाते, बारीक झाले, तरी हे कोलेस्टेरॉल येतं कुठून? बाकी सगळं सुधारलेलं असताना हा एक आकडा खरा धरायचा की नाही? आणि खरा असेल तर लो-कार्ब सोडावंच लागेल का? पुन्हा ६.२ कडे जायची माझी अजिबात तयारी नाही. वडिलांची अँजिओप्लास्टी ५२ व्या वर्षी झाली होती, हेही सांगून ठेवते.

चरबीमित्र

अभिनंदन! १३ किलो म्हणजे गंमत नाही. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचं गुणोत्तर बघा: आधी ५ होतं, आता १.१. इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला दाद न देणं) पळाला. तुमचं एलडीएल मोठं, फुगीर कणांचं असणार, ते निरुपद्रवी असतं. धोका असतो तो बारीक, घट्ट कणांचा. मी स्वतः २४० वर मजेत आहे. डॉक्टरांना एलडीएल दिसलं की गोळीच आठवते. निश्चिंत राहा.

काचपट्टी

हिशेबनीसताई, मी डॉक्टर नव्हे. नोकरीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांसमोर गेली. तेव्हा आकड्यांबद्दल बोलतो. गोळीचं तुमचे डॉक्टर आणि तुम्ही बघा.

आधी तो २१२ कुठून आला ते. बहुतेक रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. फ्रीडवाल्डचं १९७२ चं सूत्र: एकूणमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. २८३ वजा ५८ वजा १३. बरोबर २१२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र निकामी होतं, आणि फार खाली असलं की थोडं इकडेतिकडे सरकतं. पण ‘थोडं’ म्हणजे काही अंक. १२६ चे २१२ सूत्रामुळे होत नाहीत. खात्री हवी असेल तर सूत्राशिवायचा आकडा घ्या: एकूण वजा एचडीएल. आधी १६४, आता २२५. हा नॉन-एचडीएल, यात अंदाज काही नाही. तेव्हा आकडा खरा धरा.

येतं कुठून? बाहेरून येण्यापेक्षा ‘उचललं जात नाही’ हा भाग मोठा आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी ते शोधले आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. आहारात सॅच्युरेटेड फॅट वाढलं की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. अंड्याच्या बलकातल्या कोलेस्टेरॉलचा धाक आपल्याला फार घातला गेला, पण रक्तातल्या आकड्यावर सॅच्युरेटेड फॅटचा जोर त्याहून जास्त चालतो. तुम्ही कर्ब्स काढून त्या जागी नेमकं काय आणलंत ते लिहिलेलं नाही. ते लिहा. वजनात, चमच्यांत, जसं जमेल तसं.

दुसरं, वजन. शरीरातल्या चरबीच्या साठ्यात कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं. साठा झपाट्याने रिकामा होत असताना ते रक्तात उतरतं आणि काही काळ आकडा वर दिसतो. रक्त दिलंत तेव्हा वजन उतरतच होतं का? असेल तर वजन महिना-दोन महिने एका जागी थांबल्यावर पुन्हा तपासा.

तिसरं लोकांना विचित्र वाटतं: लो-कार्बवर बारीक माणसाचं एलडीएल जाड माणसापेक्षा जास्त चढतं. बऱ्याच चाचण्यांचं एकत्र विश्लेषण २०२४ मध्ये आलं. त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या आत असलेल्यांचं एलडीएल वाढलं होतं, ३५ च्या वरच्यांचं नाही. तुम्ही ३०.५ वरून २५.४ वर आलात, म्हणजे वाटेत तुम्ही एका गटातून दुसऱ्याच्या उंबरठ्यावर आलात. कारण म्हणून एक मांडणी केली जाते: बारीक शरीरात साखरेचा साठा कमी, म्हणून यकृत इंधन म्हणून चरबी भरलेले कण जास्त बाहेर सोडतं, त्यातली चरबी स्नायूंनी काढून घेतली की मागे उरतं ते एलडीएल. ही अजून मांडणीच आहे, पण तुमच्या रिपोर्टशी जुळते: ट्रायग्लिसराइड खाली, एचडीएल वर, एलडीएल वर.

आणि ज्याचा लो-कार्बशी संबंधच नाही असं: थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा. पाळी थांबायच्या आसपासच्या काळातही ते चढतं. तुमचं वय बघता हे विसरून चालणार नाही. सगळं खापर आहारावर फोडायला नको.

आता चरबीमित्र यांच्या ‘फुगीर कणां’बद्दल. मोठा कण निरुपद्रवी असतो याला आधार नाही. मोठे असोत वा बारीक, दोन्ही धमनीच्या भिंतीत शिरतात. महत्त्वाचं आहे ते किती कण आहेत. प्रत्येक एलडीएल कणावर ॲपो-बी नावाचं प्रथिन एकच असतं, म्हणून ॲपो-बी मोजलं की कण मोजल्यासारखेच. ही तपासणी करून घ्या. कण खरंच मोठे आणि संख्येने कमी असतील तर ॲपो-बी त्या मानाने कमी येईल. वाद घालण्यापेक्षा एक नळी रक्त सोपं.

आणि एलडीएल हे नुसतं साक्षीदार नाही, गुन्ह्यात सामील आहे, हे अनुवंशाच्या अभ्यासातून दिसतं. पीसीएसके९ जनुकात काही लोकांत जन्मतःच असा बदल असतो की रिसेप्टर जास्त टिकतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरचा अभ्यास आला: असा बदल असलेल्यांचं एलडीएल सुमारे २८ टक्के कमी, आणि हृदयधमनीचा आजार ८८ टक्के कमी. फरक दिसायला एवढा का? कारण ते कमी एलडीएल जन्मापासून होतं. इथे वर्षं मोजली जातात, एक रिपोर्ट नाही. म्हणून घाबरून उद्याच काही करायला हवं असं नाही, आणि दहा वर्षं ‘गुणोत्तर छान आहे’ म्हणत बसणंही बरं नाही.

तुमच्याच धंद्यातलं बोलायचं तर ट्रायग्लिसराइडच्या खात्यात झालेली जमा एलडीएलच्या खात्यातलं देणं फेडत नाही. दोन्ही खाती वेगळी चालतात.

एक राहिलं. रक्त देताना किती तास उपाशी होतात?

हिशेबनीस

काचपट्टी, धन्यवाद. फेडणार नाही हे समजलं.

विचारलंत म्हणून कालचा आणि परवाचा दिवस मोजून काढला. दोन्ही दिवस सारखेच निघाले. मी खाण्यात नवं काही करत नाही. सकाळच्या कॉफीत दोन मोठे चमचे बटर: सॅच्युरेटेड १४ ग्रॅम. स्वयंपाकात मोठा चमचाभर खोबरेल तेल: १२. चीज ६० ग्रॅम: ११. तीन अंडी: ५. लाल मांस, साधारण ८. बेरीज ५०.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत. मी १,६०० च्या आसपास खाते, म्हणजे १८ ग्रॅम. ५० ग्रॅम म्हणजे ४५० कॅलरी, २८ टक्के. बजेटच्या जवळजवळ तिप्पट खर्च, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त दोनच ओळींत: बटर आणि खोबरेल. अंडी तर तळाला आहेत, ज्यांच्यावरून मला घरातून रोज ऐकावं लागतं.

कॉफी फ्रेंच प्रेसची असते, त्याचा काही संबंध नसावा.

वजन रक्त दिलं तेव्हा उतरतच होतं. उपाशी होते १९ तास. मी तसंही सकाळी खात नाही, त्या दिवशी कॉफीही टाळली होती.

काचपट्टी

कॉफीचा संबंध आहे! कागदी फिल्टरमधून न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट पदार्थ राहतो आणि तो एलडीएल वाढवतो. कागद तो अडवतो, जाळी अडवत नाही. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही: फिल्टर बदला.

१९ तास जास्त झाले. फार लांबलेल्या उपासात शरीर चरबीवर चालायला लागतं आणि लिपिडचे आकडे हलतात, लो-कार्बवर तर आणखीच. पुढच्या वेळी १२ ठेवा.

उतारवाट

मी याच वाटेने गेलो आहे, म्हणून थोडं. मला टाइप २ मधुमेह आहे, लो-कार्बने औषधं कमी झाली, एलडीएल २४० झालं. बटर, साय, खोबरेल सगळं बंद केलं. त्या जागी ऑलिव्ह तेल, अक्रोड, बदाम, मासे, ॲव्होकॅडो. कर्ब्स होते तेवढेच ठेवले. शिवाय इसबगोल, रोज, भरपूर पाण्याबरोबर. त्यातला विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ल धरून बाहेर नेतो, यकृताला नवं पित्ताम्ल करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. यातून साधारण ५ ते १० टक्के फरक पडू शकतो.

लो-कार्ब म्हणजे बटर असं समीकरण कोणी घातलं कोण जाणे. २००९ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने सोया, सुकामेवा, भाज्या, वनस्पती तेलं असा पूर्ण शाकाहारी लो-कार्ब लोकांना देऊन बघितला होता, त्यात एलडीएल उतरलं होतं.

आता माझं पुढचं ऐका. एवढं करूनही मी १९५ वरच अडकलो. तपासणीत निघालं की आमच्या घराण्यातच आहे: फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे जन्मतःच एलडीएल जास्त ठेवणारा अनुवांशिक आजार. दर अडीचशे माणसांत साधारण एकाला असतो, आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. लो-कार्बने तो निर्माण केला नव्हता, फक्त उघडा पाडला. आता स्टॅटिन घेतो, कर्ब्स तरीही कमीच. दोन्ही एकत्र चालतं. ‘आहार की गोळी’ असं भांडण लावायची गरज नाही.

तुमचं आधीचं १२६ बघता तुम्हाला तो असण्याची शक्यता कमी. पण वडिलांचं ५२ व्या वर्षीचं सांगितलंत म्हणून लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, हृदयाला धोका वाढवणारा कण) एकदा मोजा. ते जवळजवळ पूर्ण अनुवंशाने ठरतं, आहाराने फारसं हलत नाही, आयुष्यात एकदा पाहिलं तरी बहुतेकांना पुरतं.

आणि कोणीही हे वाचून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना परस्पर कर्ब्स तोडू नका. साखर धाडकन खाली जाते. मी डॉक्टरांना विचारून, डोस कमी करत करत केलं.

चरबीमित्र

मग त्या बिस्किटांच्या प्रयोगाचं काय? एका संशोधकाने रोज ओरिओ खाऊन एलडीएल उतरवलं. म्हणजे चरबी दोषी नाहीच!

काचपट्टी

निक नॉर्विट्झ. रोज १२ बिस्किटं, १६ दिवस, एलडीएल ३८४ वरून १११. आकडे खरे आहेत. पण माणूस एकच, तोही सडपातळ, कडक किटोवर (कर्ब्स जवळजवळ बंद असलेल्या आहारावर) असलेला, आणि स्वतः सांगतो की हा सल्ला नाही. त्यातून एवढंच कळतं की अशा माणसात कर्ब्सचं प्रमाण हेही एक हँडल आहे. ज्यांना बटर कमी करूनही फरक पडत नाही, त्यांनी डाळी, फळं, ओट्स यांतून ५० ग्रॅम कर्ब्स वाढवून बघावेत, साखर तपासत. बिस्किटं नकोत.

आणि चरबीमित्र, २४० वर मजेत असणं म्हणजे काय? धमनीत काय चाललंय ते आतून जाणवत नाही. तुम्हीही ॲपो-बी करून घ्या. रागावू नका.

हिशेबनीस

बटर थांबवलं, खोबरेलच्या जागी ऑलिव्ह, चीज आठवड्यातून दोनदा, कॉफी कागदातून. कर्ब्स ७०–८० वर नेले, सगळे डाळी आणि फळांतून. कॅल्शियम स्कोअरही (हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन) करावा म्हणते. शून्य आला तर सुटले ना?

काचपट्टी

सुटलात असं नाही. त्या स्कॅनमध्ये कॅल्शियम साठलेले जुने थर दिसतात, मऊ, ताजे थर दिसत नाहीत. चाळिशीच्या शेवटी असलेल्या बाईचा शून्य येणं नवलाचं नाही. आजवर काय झालं त्याची ती पावती, पुढच्या वीस वर्षांची नाही. वडिलांचा इतिहास आहे म्हणून डॉक्टरांना विचारून करायचा तर करा, पण २१२ ला माफी मिळावी म्हणून नको.

हिशेबनीस

तीन महिने झाले, रिपोर्ट आला. वजन मधल्या काळात ६५-६६ वर थांबलेलं.

एकूण २०८, ट्रायग्लिसराइड ७५, एचडीएल ५५, एलडीएल १३८. नॉन-एचडीएल १५३, म्हणजे लो-कार्बच्या आधीपेक्षाही कमी. एचबीए१सी ५.६. टीएसएच ठीक, लायपोप्रोटीन-ए ठीक. ॲपो-बी १०४.

यातलं किती बटरमुळे, किती फिल्टरमुळे, किती वजन थांबल्यामुळे, ते वेगळं काढता येणार नाही. सगळं एकदम बदललं. ऑडिटच्या दृष्टीने वाईट पद्धत, पण एकेक करत वर्ष घालवायचं नव्हतं.

डॉक्टरांकडे या वेळी सगळे कागद क्रमाने लावून गेले. चांगली वीस मिनिटं बोललो. त्यांचं म्हणणं असं की कोणा दुसऱ्याचं १३८ असतं तर थांबलो असतो. वडील ५२ चे आणि तुम्हाला साखर काठावर होती, म्हणून १०० च्या आत बघायला आवडेल. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे मी विचारलं. ते म्हणाले हो, वाढते, विशेषतः काठावरच्या लोकांत, म्हणून छोट्या डोसने सुरू करू आणि एचबीए१सी बघत राहू. हृदयाच्या बाजूचा फायदा त्याहून मोठा. हे पटलं. छोटा डोस सुरू केला आहे. आहार आहे तसाच.

घरी मात्र अजून अंड्यांवरूनच बोलतात.

उतारवाट

पहिल्या काही आठवड्यांत स्नायू दुखले तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना कळवा. डोस किंवा औषध बदलता येतं. माझं दुसऱ्या औषधावर जमलं.

काचपट्टी

पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेत, १२ तास उपाशी, आणि ॲपो-बी परत करा. गोळी चालू असताना नुसतं एलडीएल बघू नका.